सल्ला हवा: घामाचा वास अचानक बदललाय, नाशिकमध्ये कुणाला दाखवू?

मोगरा_सिडको
मंडळी, विषय जरा नाजूक आहे, पण घरात बोलून बोलून थकले म्हणून इथे लिहितेय. माझे मिस्टर (वय ४४) अंबडला एका कंपनीत मशीन शॉपला आहेत, शिफ्टची ड्युटी. घाम त्यांना पहिल्यापासूनच भरपूर येतो, त्याचं काही नाही. पण दिवाळीनंतर वासच बदललाय, आणि एक नाही, दोन वास आहेत. एक अंगाला: गोडसर-कडवट, साखर करपल्यासारखा. आंघोळ करून बाहेर आले तरी येतो, टॉवेललाही राहतो. दुसरा पायांचा. सेफ्टी शूज काढले की हॉलमध्ये बसवत नाही.

डिओ बदलून झाले, तुरटी झाली, कडुलिंबाच्या पाल्याचं पाणी झालं. सासूबाई म्हणतात पोट साफ नाही, एरंडेल द्या. त्यांचं त्यांना काही जाणवत नाही, पण परवा म्हणाले की कंपनीच्या बसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. तेव्हापासून जिवाला चैन नाही. स्किनच्या डॉक्टरांकडे नेऊ की फिजिशियनकडे?

सातपूरचा_शिफ्टवाला
ताई, पायांचं मी सांगू शकतो. एमआयडीसीत निम्म्या लोकांना हा त्रास आहे, कुणी बोलत नाही इतकंच. आधी त्यांचे तळवे उजेडात बघा. आंघोळ झाल्यावर, पाय ओले असतानाच. टाचेला आणि चवड्याला टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे दिसले तर तो नुसता घाम नाही. बुटात पाय दिवसभर ओला राहतो, तिथे जिवाणू वाढतात आणि कातडीचा वरचा थर खातात. माझ्या स्किनच्या डॉक्टरांनी याला ‘पिटेड केराटोलायसिस’ म्हटलं होतं. लावायच्या अँटिबायोटिक लोशनने बरं होतं, पण बूट ओलेच घालत राहिलं तर परत येतं.

बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी, भिजल्यासारखी होऊन खाज येत असेल तर त्या चिखल्या. ती बुरशी, तिचं औषध वेगळं. त्यामुळे मेडिकलवाल्याकडून अंदाजाने ट्यूब आणू नका. असल्या बऱ्याच ट्यूबमध्ये बुरशीच्या औषधाबरोबर स्टेरॉइड असतं. चार दिवस खाज थांबते आणि नंतर बुरशी दुप्पट पसरते.

सेफ्टी शूजचे दोन जोड ठेवा, एक दिवस हा, एक दिवस तो. आतला सोल काढून वाळवा. मोजे सुती घ्या आणि जेवणाच्या सुट्टीत बदलायला सांगा. मोजे बदलल्याने जेवढा फरक पडतो तेवढा कुठल्याच पावडरने पडत नाही.

क्ष_वाचक
लिंबू आणि खायचा सोडा एकत्र करून काखेत चोळा. माझ्या आजीचा उपाय, शंभर टक्के गुण.

सिस्टर_नाशिकरोड
लिंबू-सोडा कृपया नको. सोड्याने कातडी कोरडी पडून लाल होते, आणि लिंबू लावून उन्हात गेलं तर डाग उठतात, कधी फोडही. ओपीडीत असताना अशा भाजल्यासारख्या काखा पाहिल्या आहेत.

मोगराताई, मी निवृत्त परिचारिका आहे. डॉक्टर कुठला हे ठरवण्याआधी काही गोष्टी सांगा. दिवाळीच्या सुमारास नवीन गोळी सुरू झाली का? शुगर तपासली आहे का? वजन उतरलंय का? खाण्यात काय बदललं? मेथी घेतात का?

हे का विचारते ते सांगते. घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. काखेत आणि जांघेत वयात आल्यावर सुरू होणाऱ्या वेगळ्या घामग्रंथी असतात. त्यांचा घाम दाटसर असतो, कातडीवरचे जिवाणू तो फोडतात आणि वास तयार होतो. म्हणून नेहमीचा आंबूस, कांद्यासारखा वास काखेतून येतो आणि नीट धुतलं की काही तास जातो. तुमच्या मिस्टरांचा वास आंघोळीनंतरही सगळ्या अंगाला आहे म्हणता. म्हणजे तो बाहेर तयार होत नसून आतूनच घामात उतरत असावा. त्याला साबण काय करणार?

एक घरगुती तपासणी करा. आंघोळीनंतर कोरड्या गॉजचे तुकडे काख, पाठ, मान असे वेगवेगळे फिरवा, झाकणाच्या वेगवेगळ्या डब्यांत ठेवा आणि तासाभराने घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी हुंगायला द्या. ज्याचा वास त्याला तो कळत नाही, नाकाला सवय होते. धुतलेला युनिफॉर्मही इस्त्री करताना हुंगा. पॉलिएस्टरमध्ये वास धरून राहतो आणि गरम झालं की वर येतो. तसं असेल तर माणूस स्वच्छ आणि दोष शर्टाचा, असंही निघतं.

पिंपळगाव_बागाईत
आमच्याकडे द्राक्षबागेत भुरीसाठी गंधक मारतात तेव्हा आमच्या ह्यांच्या अंगाला, केसाला तोच वास असतो. मी ते कपडे घरच्या कपड्यांत कधीच धुवत नाही. तुमच्या मिस्टरांना मशीनवरच्या कूलंटचा वास लागत नसेल ना? एवढं बघून घ्या.

मोगरा_सिडको
सिस्टर, तुम्ही विचारलंत आणि माझ्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. दिवाळीआधी कंपनीच्या मेडिकलमध्ये शुगर निघाली. दोन गोळ्या सुरू आहेत, मेटफॉर्मिन आणि डॅपाग्लिफ्लोझिन. बसमधल्या एका मित्राने सांगितलं म्हणून सकाळ-संध्याकाळ चमचाभर मेथीची पूड पाण्यातून घेतात. रात्रीची भाकरी बंद केलीय. वजन थोडं उतरलंय. कूलंटचा वास मला ओळखता येतो, तो हा नाही.

सिस्टर_नाशिकरोड
मग मेथीवर माझा पहिला संशय. मेथीदाण्यात सोटोलॉन नावाचं द्रव्य असतं, तेच घामातून आणि लघवीतून बाहेर पडतं. करपलेल्या साखरेचा, पाकाचा वास हा त्याचाच. बाळंतिणीला मेथीचे लाडू देतात तेव्हा तिच्या अंगाला येणारा वास आठवून बघा. त्यात धोका काही नाही. पूड थांबवली की काही दिवसांत वास उतरायला लागतो. फक्त मेथीने शुगर थोडी खाली येत असू शकते, म्हणून थांबवताना फिजिशियनना सांगा आणि शुगर पाहा.

पण एक गोष्ट मला स्वस्थ बसू देत नाही, ती नीट वाचा. वास तोंडाला येतोय का ते बघा. नेलपॉलिश काढायच्या पाण्यासारखा किंवा जास्त पिकलेल्या फळासारखा वास श्वासाला असेल तर ते कीटोन, म्हणजे शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला लागलं की तयार होणारी द्रव्यं. भाकरी-भात एकदम तोडला तरी थोडे कीटोन येतात. पण डॅपाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या माणसात शुगर फार वाढलेली नसतानाही कीटोन धोक्याच्या पातळीला जाऊ शकतात. मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, धाप लागल्यासारखा खोल श्वास, गुंगी यातलं काही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका, त्या रात्रीच कॅज्युअल्टीला न्या आणि गोळीचं नाव सांगा. या गोळीवर असताना कडक उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायचा नाही. तशी लक्षणं नसली तरी पहिल्या भेटीत कीटोन तपासून घ्या.

या गोळीने साखर लघवीवाटे जाते, त्यामुळे जांघेत बुरशी होऊन वास येतो. पुरुष हे बायकोलाही सांगत नाहीत, तुम्हीच विचारा.

म्हणून आधी फिजिशियन, नंतर पायांसाठी स्किन. शुगर आहे म्हणजे पाय रोज बघायचे, गरम पाण्यात बुडवायचे नाहीत, आणि बधिरपणा वाटला तर सांगायचं. खर्चाचा विचार असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलला केस पेपर काढून दोन्ही होतं, आडगावच्या मेडिकल कॉलेजलाही स्किनची ओपीडी आहे. गोळ्यांची पाकिटं आणि मेथीचा डबा, दोन्ही बरोबर न्या.

आर्याची_आई
थोडं वेगळं सांगते, कुणाला उपयोग होईल. भाच्याच्या अंगाला सडका वास यायचा. दोनदा आंघोळ, साबण बदलले, शाळेतून तक्रार. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारली तर एका नाकपुडीत फोमचा तुकडा. काढला आणि दुसऱ्या दिवशी मूल सुगंधी! लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण पाणी येत असेल तर नाक दाखवा.

निनावी_कॉलेजरोड
मला मासळीसारखा वास येतो असं रूममेट म्हणते. मी मुलगी आहे, वय २१. अंडी खाल्ली की जास्त.

सिस्टर_नाशिकरोड
बाळा, वास खालून आणि पांढऱ्या पाण्याबरोबर असेल तर तो योनीमार्गातल्या जिवाणूंचा असतो. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा, गोळ्यांनी बरं होतं. आतून साबणाने धुऊ नकोस, त्याने बिघडतं. आणि श्वास, घाम, लघवी तिन्हींना तोच वास असेल तर ट्रायमिथाइलअमिन्युरिया हा दुर्मीळ जनुकीय प्रकार असू शकतो. त्यात अंडी, मासे, कलेजी, सोयाबीन खाल्ल्यावर तयार होणारं एक द्रव्य यकृताला फोडता येत नाही. लघवीच्या तपासणीत कळतं. यात तुझ्या स्वच्छतेचा काही दोष नाही, रूममेटलाही तसंच सांग.

मोगरा_सिडको
अपडेट देते. मेथी थांबवली. टॉवेलचा वास गेलाच म्हणायचा, अंगाचा पुष्कळ उतरलाय. कीटोन तपासले, काळजीचं नाही. उपाशीपोटीची शुगर थोडी वर गेलीय, डॉक्टरांनी गोळी कमी-जास्त करून दिली आणि रात्री अर्धी भाकरी खायला सांगितली. तळव्यांना खड्डे निघाले, सातपूरच्या दादांनी सांगितलेले अगदी तेच. लोशन सुरू आहे, पण पायांचा वास अजून आहे. काखेसाठी घाम रोखणारा रोल-ऑन दिलाय, रात्री कोरड्या काखेला लावायचा. सकाळी घाईत लावून उपयोग नाही म्हणाले. जाड सुती मोजे मिळत नाहीयेत, सगळीकडे नायलॉनचेच. कुठे मिळतील?

सातपूरचा_शिफ्टवाला
मेन रोडला होजिअरीच्या दुकानात ‘कॉटन, टॉवेलवाले’ म्हणून मागा. सहा जोड एकदम घ्या, पावसाळ्यात वाळत नाहीत. लोशन डॉक्टरांनी सांगितलंय तितके दिवस पूर्ण करा, मध्येच सोडू नका.