पर्यटनाबद्दल मालवणात राहणाऱ्यांना काय वाटते?

प्रश्न (मालवण शहर)
सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, तेव्हा मी शाळेत होतो आणि किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या पाहणे ही आमची सुट्टीतली मौज होती. आता दिवाळीत आणि मे महिन्यात बाजारपेठेतून चालणेही कठीण होते. पर्यटकांना काय हवे, हे सारेच विचारतात. येथे बारा महिने राहणाऱ्यांना काय वाटते, हे जाणून घेण्याची माझी इच्छा आहे.

उत्तर (देवबाग)
आमच्याकडे न्याहारी-निवासाच्या तीन खोल्या आहेत. त्यांच्या उत्पन्नामुळेच माझ्या मुलाला मुंबईची वाट धरावी लागली नाही, त्यामुळे पर्यटन नको असे मी कधीही म्हणणार नाही. मात्र पाण्याची काळजी मोठी आहे. देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्लीची खाडी यांच्यामधली वाळूची चिंचोळी पट्टी. तिच्या पोटात पावसाचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि पंपांनी उपसा वाढला की खालचे खारे पाणी वर चढते. माझ्या सासूबाई ज्या विहिरीचे पाणी पिण्यासाठी भरत, त्या विहिरीच्या पाण्यात मे महिन्यात आता डाळ शिजत नाही. पाहुण्यांचा यात दोष नाही. किती खोल्यांना किती पाणी पुरेल, याचा हिशेब परवानग्या देण्याआधी व्हायला हवा होता.

उत्तर (दांडी किनारा)
आम्ही रापणकर आहोत. होडीतून जाळे अर्धवर्तुळात टाकून त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून अनेकांनी मिळून ओढायची, असे हे काम असल्याने त्याला मोकळी पुळण लागते, आणि मासळी आमच्या सोयीची वेळ पाहून येत नाही. मागच्या हंगामात बांगड्याचा थवा दिसला म्हणून आम्ही जाळे टाकले, ते जलक्रीडेच्या एका होडीच्या पंख्यात अडकून फाटले आणि भरपाई काहीच मिळाली नाही. तरीही माझा पुतण्या स्कूबाच्याच कामावर आहे आणि बहिणीचे सुके बांगडे पर्यटकच विकत घेतात, म्हणून मला कोणती एक बाजू धरता येत नाही. किनाऱ्याचा काही भाग रापणीसाठी राखून ठेवावा आणि तो कोणता, हे आम्हाला विचारून ठरवावे, एवढेच आमचे मागणे आहे.

प्रश्नकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. देवबागच्या ताई, आपल्या वाडीतील विहिरींचे पाणी ऑक्टोबरमध्ये आणि पुन्हा मे महिन्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेकडून तपासून घेता आले, तर ते आकडे ग्रामसभेत मांडता येतील. नमुने गोळा करण्यासाठी मी स्वतः येईन. दादा, रापणीसाठी कोणता पट्टा हवा, तो आपण सर्व रापणकरांनी मिळून कागदावर आखून दिलात, तर नगरपरिषदेला द्यायचा अर्ज मी लिहून देतो.