उरलेले यकृत किती, आणि काम किती?
सीटी स्कॅननुसार शस्त्रक्रियेनंतर ३५ टक्के यकृत उरणार असताना आणखी एक, मेब्रोफेनिन स्कॅन कशाला, असे आपण विचारले आहे. सीटी आकारमान मोजते, कार्य नव्हे. केमोथेरपीने किंवा चरबीने थकलेल्या यकृतात ही दोन्ही जुळतीलच असे नाही. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेले मेब्रोफेनिन हे रसायन शिरेतून दिले की यकृतपेशी ते रक्तातून उचलतात आणि त्याचे किरण टिपणारा गॅमा कॅमेरा पहिल्या काही मिनिटांतला हा वेग भागवार मोजतो. सोलापूरहून मामांना या स्कॅनसाठी पुण्याला नेले होते, तेव्हा पडद्यावर डावा भाग ठळक आणि उजवा फिकट उमटताना मी स्वतः पाहिला. मात्र कावीळ असल्यास बिलिरुबिन हे रक्तातले पिवळे रंगद्रव्य त्याच वाटेने पेशीत शिरत असल्याने आकडा कमी येतो. हे डॉक्टरांना आवर्जून विचारावे.