स्फ्रांत्झेस : पाडावाचा साक्षीदार की पदासाठी झुरणारा दरबारी?

जुनीपाने (धागाकर्ता)
ऑटोमन तुर्कांनी केलेल्या कॉन्स्टँटिनोपलच्या पाडावाचा विषय निघाला की जॉर्ज स्फ्रांत्झेसचं (जन्म १४०१) नाव येतंच. शेवटचा बायझंटाइन सम्राट अकरावा कॉन्स्टंटाइन याचा हा विश्वासू, वकिलातींवर जाणारा माणूस. पण त्याला इतिहासकार म्हणणं मला पटत नाही. शहर पडलं त्या दिवसाची, २९ मे १४५३ ची, हकिगत तो आपल्या बखरीत काही ओळींत उरकतो. त्या वेळी आपण सम्राटाजवळ नव्हतो, हेही सांगतो. कुठलं पद कुणाला द्यायचं, दरबारातला बडा मंत्री लुकास नोतारास याला काय खटकेल, यावरची बोलणी मात्र सविस्तर! वेढ्यासाठी व्हेनिसच्या निकोलो बार्बारोची रोजनिशी वाचावी.

तटबंदी
साफ असहमत. जिथे नव्हता तिथलं त्याने लिहिलं नाही, हाच तर त्याचा खरेपणा. वेढ्याचं रसभरीत वर्णन त्याच्या नावावरच्या मोठ्या बखरीत आहे आणि ती सोळाव्या शतकात माकारिओस मेलिसेनोसने रचली. अस्सल ती छोटी बखर. लढू शकणाऱ्यांची मोजदाद सम्राटाने त्याच्याकडेच सोपवली होती : ग्रीक ४,७७३, परदेशी सुमारे २००. आकडा बाहेर फुटू देऊ नकोस, असंही बजावलं. हे बार्बारोला कुठून कळणार?

जुनीपाने
मीही छोटीबद्दलच बोलतोय. त्याच वेढ्यात असलेला आर्चबिशप लिओनार्ड ६,००० ग्रीक सांगतो. आणि स्फ्रांत्झेसची दूरदृष्टी बघा. सम्राटासाठी वधू शोधायला तो जॉर्जिया आणि ट्रेबिझाँडला (काळ्या समुद्रावरचं वेगळं ग्रीक राज्य) गेला. १४५१ मध्ये सुलतान मुराद वारल्याची बातमी ट्रेबिझाँडच्या सम्राटाने आनंदाने सांगितली, तर हा म्हणे दुःखी झाला, कारण मुरादचा तरुण मुलगा मेहमद जास्त घातक. सगळं उद्ध्वस्त झाल्यावर, कॉर्फूत भिक्षू होऊन लिहिताना असं शहाणपण कुणालाही सुचेल.

सांजवात
मग मुरादची विधवा मारा ब्रांकोविच सम्राटाला करून घ्यावी, हा त्याचा सल्ला? तिने नकार दिला, बेत फसला. फक्त मोठेपणा मिरवायचा असता तर हा फसलेला बेत कशाला नोंदवला असता? घरच्यांबद्दल तो काय लिहितो तेही बघा. स्वतः गुलाम झाला, सुटला. बायकोला पुढच्या वर्षी सोडवलं. मुलगा जॉन सुलतानाने मारला. मुलगी थामार १४५५ मध्ये सुलतानाच्या जनानखान्यात साथीच्या रोगाने वारली, चौदा वर्षांची. हे सगळं मोजक्या शब्दांत. ज्या बापाने यातही शब्द वाढवले नाहीत, तो राजकारणात मीठमसाला घालेल हे मला मान्य नाही.

जुनीपाने
त्या नोंदी वाचून माझाही जीव कळवळतो. पण दुःख खरं म्हणून राजकारणाची साक्ष खरी ठरत नाही. रोमच्या चर्चशी ऐक्याची बोलणी चालू ठेव, ऐक्य मात्र करू नकोस, हा कॉन्स्टंटाइनचे वडील मनुएल सम्राट यांनी आपल्या मुलाला, पुढच्या सम्राटाला, दिलेला सल्ला केवळ हाच सांगतो. खाजगी बोलणं, बोलणारा सम्राट केव्हाच गेलेला. ताडून बघायचं कशाशी?

तटबंदी
दुसऱ्या साक्षीदाराचा हट्ट धरलात तर बंद दाराआडचं दरबारी बोलणं इतिहासातून कायमचं बाद होईल. मी ते वापरेन, फक्त 'स्फ्रांत्झेस सांगतो' असं लिहून.