पहिलंच होम थिएटर, बजेट ४० हजार, आईला डायलॉग ऐकू यायला पायजेत

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. नाशिकला नवीन फ्लॅट घेतलाय, दुसरा मजला, पुढच्या महिन्यात राहायला जाऊ, पीओपीचं काम अजून चालूच आहे. हॉल १० बाय १६, टीव्ही लांब भिंतीवर आणि सोफा बरोब्बर समोरच्या भिंतीला टेकून, मध्ये ८ फूट अंतर पडतं, डाव्या हाताला बाल्कनीचं सरकतं दार. टीव्ही ५५ इंची आहे, मागे एका एचडीएमआयला एआरसी लिहिलंय (म्हणे त्यातून टीव्हीचा आवाज बाहेरच्या स्पीकरकडे जातो). बजेट ४०, लयच ताणलं तर ४५. बघतो काय तर ओटीटी, क्रिकेट आणि आईच्या सिरियल (त्या सेट टॉप बॉक्सवर). खरी अडचण आईचीच आहे, बोलणं नीट कळत नाही म्हणून ती आवाज वाढवत नेते आणि मग एकदम मारामारी नाहीतर जाहिरात आली की सगळं घर दचकतं. दुकानदार म्हणतो १००० वॉटचा ॲटमॉसवाला (म्हणे आवाज छतावरूनही येतो) साउंडबार घ्या, डोळे झाकून. बायकोची एकच अट, वायरी दिसता कामा नयेत. आणि खालच्या मजल्यावरच्या काकांनी सामान चढवतानाच विचारून ठेवलंय, मोठ्याने गाणी लावता का म्हणून 😅 सांगा काय करू.

तापकीर_गल्ली_रिटर्न्स:
दादा पहिले ते १००० वॉट डोक्यातून काढा. खोक्यावरचा आकडा कसा मोजला ते खोक्यावर कोणी लिहीत नाही. चांगल्या रिसीव्हरवर (टीव्हीचा आवाज घेऊन सगळे स्पीकर चालवणारा डबा) दोन चॅनल चालू असताना प्रत्येकी ७०-८० वॉट लिहिलेले असतात आणि तुमच्या हॉलला ते उरून पुरतात. ॲटमॉसचंही तेच, वर तोंड करून बसवलेले स्पीकर नसलेल्या बारवर ॲटमॉस लिहिलं असेल तर तो वरून आल्याचा नुसता भास करतो, आवाज छतावरून येत नाही. नेटफ्लिक्सवर तर ते प्रीमियम प्लॅनलाच मिळतं.

तुमचा प्रश्न डायलॉगचा आहे ना, मग पैसे मधल्या स्पीकरवर घाला. ५.१ च्या (पुढे तीन, मागे दोन स्पीकर आणि बाससाठी एक सबवूफर) मिक्समध्ये बोलणं बहुतेक सगळं सेंटरमधूनच येतं, आणि रिसीव्हरमध्ये त्या एकट्याचा आवाज ३-४ डीबी वर घेता येतो, बाकी तसंच ठेवून. म्हणजे आईला ऐकू जातं आणि मारामारी होती तेवढीच राहते.

माझं मत विचाराल तर सेकंडहँड ५.१ रिसीव्हर बघा. लोक म्हणतात जुना नको, ४के चालत नाही, पण तुम्हाला ४के त्यातून न्यायचंच कुठेय, ॲप टीव्हीत आहेत, सेट टॉप बॉक्सही टीव्हीलाच लावा, रिसीव्हरकडे एआरसीतून फक्त आवाज येणार. एआरसी २००९ च्या एचडीएमआय १.४ सोबत आलं, त्यामुळे बरेच जुने पीसही चालून जातात. घेताना स्वतःचा फोन किंवा लॅपटॉप नेऊन प्रत्येक एचडीएमआय तपासा (जुन्या रिसीव्हरचा बऱ्याचदा एचडीएमआय बोर्डच जातो), व्हॉल्यूमची चकती फिरवून खरखर ऐका, रिमोट आणि स्पीकरचा आवाज मोजून सेटिंग करायचा मायक मागून घ्या. त्यावर १५ च्या वर घालवू नका. उरलेल्यात एक सेंटर आणि त्याच सिरीजची बुकशेल्फ (फळीवर मावणाऱ्या छोट्या स्पीकरची) जोडी. सिरीज एकच हवी, नाहीतर गाडी डावीकडून उजवीकडे जाताना मध्येच तिचा आवाज बदलतो. मागचे दोन आणि सबवूफर पुढच्या दिवाळीला.

सोफ्यावरून_थेट:
वरचं सगळं बरोबर आहे पण माणसाला पहिलंच घ्यायचंय हो, सेकंडहँड बोर्ड तपासायला कुठे लावताय. हे सगळं जुळवायचं म्हणजे एक माणूस कायमचा घरचा टेक्निशियन होतो आणि तो कामावर गेला की घरच्यांची सिरियल बंद. सोनीचा एचटी-एस२०आर किंवा त्या जातीचं काहीतरी घ्या, तीन चॅनलचा बार, मागचे दोन, सब, सगळं एका खोक्यात, एआरसीची एक केबल लावली आणि टीव्हीत सीईसी चालू केलं की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त. बजेटच्या निम्म्यात होईल, उरलेल्याचे पडदे करा. हां, पुढे त्यात वाढवायला काही वाव नाही आणि त्याला वायरी आहेतच, मागच्या स्पीकरच्या पण.

शिल्पा_ठाणे:
दोघेही सामानावर बोलताय, त्यांचा हॉल कोणी बघितला का? सोफा भिंतीला टेकलेला आहे. ५.१ मध्ये मागचे स्पीकर खरं तर डोक्याच्या बाजूला, किंचित मागे हवेत, डॉल्बी ११० ते १२० अंश म्हणते, इथे मागे जागाच नाही आणि डावीकडे काच. म्हणून सध्या पुढचे तीनच घ्या या मताची मी आहे. मागचे कधी लावलेच तर सोफ्याच्या दोन टोकांना, मागच्याच भिंतीवर, कानाच्या दीड-दोन फूट वर, एकमेकांकडे तोंड करून.

आणि दादा, पीओपी चालू आहे म्हणताय ना, मग उद्याच्या उद्या इलेक्ट्रिशियनला गाठा. टीव्ही युनिटपासून सोफ्याच्या दोन्ही टोकांपर्यंत झिरी मारून रिकामा पाइप टाकून घ्या, आत ओढायला तार सोडायला सांगा, लाइटच्या वायरींसोबत एकाच पाइपात नको, वेगळा. रंग झाल्यावर हेच काम केसिंग-पट्टीने करावं लागतं आणि ती पट्टी तुमच्या मिसेस रोज बघणार. वायर १६ गेजची, शुद्ध तांब्याची. टोक ब्लेडने खरवडून बघा, आत पांढरं निघालं तर ते ॲल्युमिनियम, वर तांब्याचा नुसता मुलामा.

अजून एक, टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएमवर असेल तर एआरसीतून दोनच चॅनल जातात. ते ऑटो किंवा बिटस्ट्रीम करा. यावरूनच कित्येक जण मागचे स्पीकर खराब आहेत म्हणून दुकानात परत घेऊन जातात.

गोदाकाठ:
खूप आभार सगळ्यांचे, पाइपचं तर डोक्यातच नव्हतं, इलेक्ट्रिशियनला आत्ताच फोन केला. पण सिरियल तर ५.१ मध्ये नसतात ना, मग सेंटरचा उपयोग होईल का? आणि सब नसेल तर एकदम पोकळ नाही वाटणार?

तापकीर_गल्ली_रिटर्न्स:
होईल की. स्टिरिओ आला तरी रिसीव्हरमध्ये सराउंड मोड लावला की दोन्हीकडे सारखं असलेलं बोलणं तो सेंटरला ढकलतो. फक्त मोड स्टिरिओवर अडकलेला नाही ना तेवढं बघायचं. सेंटर कपाटाच्या बंद कप्प्यात कोंबू नका, फळीच्या अगदी कडेला आणा आणि खाली रबराचे तुकडे देऊन तोंड आईच्या कानाकडे वर करा, याला खर्च शून्य. रात्री डायनॅमिक रेंज किंवा नाइट मोड असं काही असेल ते चालू करा, मोठे आवाज दबतात आणि काकाही खूश.

सब नसला तर स्फोटाचा धक्का पोटात बसणार नाही हे खरं, पण साडेसहा इंची वूफरची बुकशेल्फ भिंतीजवळ ठेवली की बऱ्यापैकी भरीव वाटतं. मेनूत सबवूफर 'नो' करायला विसरू नका, नाहीतर रिसीव्हर बास नसलेल्या सबला पाठवत बसतो. आणि रिसीव्हरच्या डोक्यावर मोकळी जागा ठेवा, तिथून गरम हवा बाहेर पडते, आमच्याकडे त्यावर क्रोशाचा रुमाल आणि वर गणपती असं बसवलं होतं.

सोफ्यावरून_थेट:
गणपती 😂 बरं, तीन स्पीकरवाल्यांचं चालू द्या, पण नव्यावर वॉरंटी मिळते हे दादांनी बायकोला सांगून मग ठरवावं.

गोदाकाठ:
सांगितलं. ती म्हणे रिसीव्हर नवाच घ्या, स्पीकर दोन महिन्यांनी आणा. मग पहिले दोन महिने ऐकायचं काय 🙏

शिल्पा_ठाणे:
उलटं करा, पुढच्या महिन्यात सेकंडहँड रिसीव्हर आणि तीन स्पीकर, नंतर नवा आला की तो विका. पाइप मात्र एक इंची टाका, पाऊण नको, आणि बनाना प्लग (स्पीकर वायरच्या टोकाची पिन) वायर ओढून झाल्यावर लावा, आधी लावलात तर बेंडमध्ये अडकतात.