‘जनुके बदलते’ की ‘जनुकांचे नियमन बदलते’?

अर्धवटराव: प्रॉस्टेटच्या कर्करोगावरच्या एका लेखात वाचलं, ‘सोयाबीनमधले जेनिस्टीन जनुके बदलते.’ हे बरोबर आहे का? असेल तर ‘जनुक नियमन’ वेगळं कसं?

पेशीवेल्हाळ: साफ चूक. जनुक बदललं म्हणजे डीएनएतला अक्षरक्रम बदलला, त्याला उत्परिवर्तन म्हणतात. नियमनात अक्षरं तीच राहतात. पेशीने ती कधी नि किती वाचायची एवढंच ठरतं. जीएसटीपी१ हे जनुक बघा. अपायकारक रसायनं निकामी करणारं विकर (एन्झाइम) त्याच्यावरून तयार होतं. प्रॉस्टेटच्या बहुतेक कर्करोगांत या जनुकाच्या प्रवर्तकावर, म्हणजे वाचन जिथून सुरू होतं त्या भागावर, मिथिल गटांची, म्हणजे डीएनएला वरून चिकटणाऱ्या छोट्या रासायनिक तुकड्यांची, दाटी झालेली असते. अक्षर एकही बिघडलेलं नाही, पण जनुक मुकं. मिथिल गट चिकटवणाऱ्या विकरांना जेनिस्टीन अडवतं आणि अशी काही मुकी जनुकं पुन्हा बोलू लागतात, असं प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत दिसलंय.

शंकेखोर: यालाच एपिजेनेटिक म्हणतात ना? ‘अधिजनुकीय’ चालेल?

पेशीवेल्हाळ: चालेल की. मूळ शब्द वॉडिंग्टन या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाने १९४२ साली रूढ केला तेव्हा त्याच्या मनात गर्भाची घडण होती, मिथिल गट नव्हे. पण आजच्या अर्थाला ‘अधि’ चपखल बसतो.

मीमांसक: त्याच लेखात जेनिस्टीनला ‘स्त्री-संप्रेरक’ म्हटलं असेल तर तेही खोडा. ते वनस्पतिजन्य, इस्ट्रोजेनसारख्या घडणीचं संयुग आहे. पेशीत इस्ट्रोजेनला धरणाऱ्या ग्राहींचे (रिसेप्टर) अल्फा आणि बीटा असे दोन प्रकार आहेत, त्यांतल्या बीटाला ते अल्फापेक्षा जास्त घट्ट धरतं. नावाचाही सोयाशी संबंध नाही, ते जेनिस्टा या झुडपावरून आलंय.

अर्धवटराव: मग ‘सोया कर्करोग रोखते’ लिहू?

पेशीवेल्हाळ: छे! पेशींवर वापरलेली मात्रा बऱ्याचदा जेवणातून रक्तात पोचते त्याच्या कितीतरी पट असते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, प्रॉस्टेट काढलेल्या आणि आजार उलटण्याचा धोका जास्त असलेल्या पुरुषांना रोज सोया प्रथिन दिलं होतं, दोन वर्षांपर्यंत. आजार उलटण्याचं प्रमाण काही घटलं नाही. तुम्ही लिहा, ‘जेनिस्टीन प्रयोगशाळेतील पेशींमध्ये काही जनुकांची अभिव्यक्ती बदलते.’ अभिव्यक्ती म्हणजे जनुक किती वाचलं जातं ते.

शंकेखोर: ‘बदलते’ परत आलंच की!

पेशीवेल्हाळ: आलं, पण आता त्याचं कर्म ‘अभिव्यक्ती’ आहे.