नुकसानभरपाईच्या दाव्यातली वैद्यकीय तपासणी: कामगाराला रेकॉर्डिंगचा हक्क हवा की नको?

प्रेसशॉप_भोसरी
माझ्या थोरल्या भावाचा उजवा पंजा पॉवर प्रेसमध्ये सापडला. पेडल एकदा दाबलं, स्ट्रोक दोनदा आला. बोटं तुटली नाहीत, पण मधली तीन वळत नाहीत. सकाळी शर्टाची बटणं वहिनी लावून देते. शॉपमध्ये आठच माणसं, त्यामुळे ईएसआय (सरकारी कामगार विमा) नाही. दावा अपघाताच्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या कर्मचारी नुकसानभरपाई कायद्याखाली चालू आहे.

विमा कंपनीने त्यांच्या डॉक्टरांकडे तपासणीला बोलावलं. मला आत सोडलं नाही. भाऊ अकरा मिनिटांत बाहेर आला. "मूठ वळ, हात वर कर, सही कर" एवढंच झालं म्हणाला. अहवाल आला, तर त्यात एकेका सांध्याची हालचाल अंशांत आणि पकड किलोत लिहिलेली! कोन मोजायचं साधन कुणी हातात धरलंच नाही, असं भाऊ शपथेवर सांगतो. कमाईच्या क्षमतेत घट ५ टक्के. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी २५ लिहिली आहे.

आता भावाचा शब्द एकीकडे आणि लेटरहेड दुसरीकडे. अशा तपासणीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग करायचा हक्क कामगाराला मिळालाच पाहिजे.

अस्थितज्ज्ञ_सातारा
तुमच्या भावाच्या बाबतीत झालं ते वाईटच. मोजल्याशिवाय अंश लिहिणं ही लबाडी आहे. पण व्हिडिओला माझा विरोध आहे. सांधा खरंच आखडलाय की माणूस दुखेल म्हणून रोखून धरतोय, हे माझ्या बोटांना कळतं, कॅमेऱ्याला दिसत नाही. मी बोट हळूच वाकवतो तेव्हा शेवटी लागणारी अटक कशी आहे, मऊ की कडक, यावर माझं मत ठरतं. दहा सेकंदांची क्लिप पाहून कुणीही म्हणेल की डॉक्टरने जोर केला. ती क्लिप संध्याकाळपर्यंत गावच्या ग्रुपवर असेल. आधीच कोर्टात साक्षीला उभं राहावं लागतं म्हणून बरेच डॉक्टर ही कामं घेत नाहीत. उरलेलेही सोडतील आणि तुम्हाला तपासायला कुणी मिळणार नाही.

वकील_ठाणे
डॉक्टरसाहेब, इथे काय पणाला लागलंय ते पाहा. बोट तुटलं तर टक्के या कायद्याच्या परिशिष्टात ठरलेले आहेत: अंगठा ३०, तर्जनी १४, मधलं १२. बोट जागेवर आहे पण पुरतं वळत नाही, असा प्रकार त्या यादीत बसत नाही, तिथे डॉक्टरांच्या मतावरच सगळी भिस्त. वय ३५ धरा, पगार १५,००० च्या मर्यादेने धरा. त्याचे ६० टक्के गुणिले त्या वयासाठी कायद्यात दिलेला आकडा १९७.०६, म्हणजे पूर्ण अपंगत्वाला १७,७३,५४० रुपये. यातला एकेक टक्का साडेसतरा हजारांच्या वर जातो. ५ आणि २५ मध्ये साडेतीन लाखांचा फरक पडतो. शिवाय कलम ११ मुळे मालकाने देऊ केलेली तपासणी नाकारली तर भरपाईचा हक्कच तेवढा काळ थांबतो. जावं तर लागतंच, मग आत काय झालं याचा पुरावा का नको?

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने २०२३ मध्ये कामगाराला हा हक्क कायद्याने दिला, आणि तुमची भीती लक्षात घेऊन दिला. आधी कळवायचं, तपासणी चालू असताना कॅमेरा हातात धरायचा नाही, चित्रीकरणात फेरफार करायचा नाही, सोशल मीडियावर टाकायचं नाही. सोबत एक माणूसही नेता येतो. आपल्याकडे कोठडीतल्या मृत्यूंच्या शवविच्छेदनाचं चित्रीकरण करा, असं राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने १९९५ मध्येच राज्यांना सांगितलं. मेलेल्या माणसासाठी जे चालतं ते जिवंतासाठी का नाही?

युनियनची_कार्यकर्ती
मी कामगारांच्याच बाजूने बोलतेय, आणि माझा विरोध आहे. एकदा कॅमेरा आत आला की कंपनीही तिचा कॅमेरा लावायला मागणार. आमच्या एका दाव्यात पाठ दुखावलेल्या माणसाचा पाण्याचा हंडा उचलतानाचा व्हिडिओ समोरच्यांनी कोर्टात लावला होता. घरात पाणी भरायला दुसरं कुणी नव्हतं, ते त्या व्हिडिओत कुठून दिसणार? आणि पॅकिंग लाइनवरच्या बायकांची पाठ, खांदा तपासताना पदर बाजूला करावा लागतो. ते रेकॉर्डिंग कुणाच्या फोनमध्ये राहणार? त्यापेक्षा सोबत बाई किंवा घरचं माणूस आत बसू द्या.

प्रेसशॉप_भोसरी
ताई, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. रेकॉर्डिंग करायचं की नाही हे फक्त कामगाराने ठरवायचं, कंपनीने नाही, एवढं मात्र पक्कं हवं. पण नुसतं माणूस बसवून भागत नाही. मी आत असतो तरी कोर्टात भाऊच भावासाठी बोलतोय असंच म्हणाले असते.

डॉक्टर, एक विचारतो. तुम्ही मोजताना आकडा मोठ्याने बोलता का?

अस्थितज्ज्ञ_सातारा
बोलतो. ज्युनिअर शेजारी बसून लिहून घेतो.

प्रेसशॉप_भोसरी
मग तो आवाज रेकॉर्ड केला तर? चेहरा नको, अंग नको. नुसते आकडे.

अस्थितज्ज्ञ_सातारा
आवाजाला माझी हरकत नाही. मोजणीचा कागद तिथल्या तिथे दोघांच्या सहीने, आणि त्याची प्रत कामगाराला, हेही त्यात घाला.

वकील_ठाणे
फेरतपासणी मागणार असाल तर अर्जातच या दोन्ही गोष्टी मागा. तारखेच्या दिवशी दारात वाद घालू नका, दावा चालवणाऱ्या आयुक्तांचा लेखी आदेश हातात असू द्या. आणि रेकॉर्डिंग ज्या फोनवर कराल तो विकू नका. कोर्टात दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडावं लागतं.