चार तारांत अख्खी सभा

जाहीर सभेवर एकट्या व्हायोलिनसाठी रचना करायची म्हटली, तर वक्ता आणि गर्दी दोन्ही दाखवणं अशक्य, साथीला पियानो तरी पाहिजेच, असं कोणीतरी लिहिलंय. नाही पटलं बुवा. जर्मन संगीतकार बाखच्या १७२० सालच्या हस्तलिखितात एकट्या व्हायोलिनसाठी सहा रचना आहेत, त्यातल्या तिन्ही सोनाटांत फ्यूग आहे, एकच धून वेगवेगळ्या आवाजांनी पाठोपाठ उचलायची अशी रचना, म्हणजे एकाच गजातून दोन-तीन जण एकमेकांशी बोलतायत असं वाटतं, मग सभा का नाही जमणार?

माझ्या डोळ्यासमोर तर थेट शिवाजी पार्कच येतं. वक्ता खालच्या जी तारेवर, जाड आवाजात, मधेच थांबणारा कारण टाळ्या कुठे घ्यायच्या हे त्याला पक्कं माहीत असतं, आणि तो थांबला की वरच्या तारांवर ट्रेमोलो, गजाच्या टोकाने अगदी बारीक थरथर, ती झाली कुजबुज. गज घोडीजवळ, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीजवळ नेला की तोच आवाज खरखरीत होतो, तो आपला नेहमीचा बिघडलेला लाउडस्पीकर :) टाळ्यांना पिझिकाटो, म्हणजे गज न लावता बोटाने तार छेडायची. आणि गर्दी उसळली की चारही तारांवरून गज खेचायचा. घोडी कमानदार असल्यामुळे चारही सूर एकदम धरून ठेवता येत नाहीत, तुटत तुटत वाजतात, पण गर्दी तरी कुठे एका सुरात ओरडते!

एक मात्र आहे, बोलणं वाटायला मींड हवी, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं. व्हायोलिनवादक डी. के. दातारांचं गायकी अंगाचं, गाण्यासारखं वादन ऐकलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

या रचनेचा शेवट माझ्याकडे असता तर वक्ता अजून बोलतोच आहे आणि लोक दादर स्टेशनकडे निघालेत, असा केला असता.